गुलामगिरीवरची कादंबरी मुलांबरोबर वाचताना: नव्या शिक्षकांसाठी वाटाड्या

सातवी ते नववीच्या मुलांबरोबर गुलामगिरीच्या काळातली कादंबरी वाचायची म्हटलं की नव्या शिक्षकाच्या मनात पहिली भीती येते ती अशी: मुलं हादरली तर? मला दुसरीच भीती जास्त खरी वाटते. मुलं हादरणारच नाहीत. ‘किती वाईट ना’ म्हणतील, पान उलटतील आणि परीक्षेतल्या उत्तरासारखं ‘गुलामगिरी ही अमानुष प्रथा होती’ असं वहीत लिहून मोकळी होतील. असं होऊ नये म्हणून काय करता येतं, ते या लेखात सांगते. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. मुलांना आधी माणसं भेटू द्या. हसणारी, चुकणारी, भांडणारी, पैसे साठवणारी माणसं. माणूस ओळखीचा झाला की त्याच्यावर काय गुदरलं हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

उदाहरणासाठी एकच पुस्तक घेते, क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांची ‘एलायजा ऑफ बक्स्टन’ ही २००७ साली आलेली कादंबरी. कर्टिस स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन. मिशिगनमधल्या फ्लिंट गावी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर तेरा वर्षं काम करून ते लेखनाकडे वळले. कादंबरीचा काळ १८५९-६०च्या आसपासचा, स्थळ कॅनडातली बक्स्टन ही वसाहत. गुलामगिरीतून निसटलेल्या माणसांनी वसवलेलं हे गाव खरोखर होतं. निवेदक आहे अकरा वर्षांचा एलायजा फ्रीमन, त्या गावात स्वतंत्र जन्माला आलेलं पहिलं मूल. त्याने स्वतः गुलामगिरी पाहिलेली नाही, फक्त मोठ्यांकडून ऐकलेली आहे. आपल्या मुलांची जागाही तीच आहे आणि म्हणून सुरुवातीला मी हेच पुस्तक सुचवते. तुम्ही दुसरं पुस्तक घेतलंत तरी पायऱ्या बहुतेक याच राहतील.

आधी स्वतः वाचा, हातात पेन्सिल घेऊन

एकदा नुसतं वाचून काढा. मग दुसऱ्यांदा वाचताना समासात तीन प्रकारच्या खुणा करा: मुलं कुठे हसतील, कुठे थांबावं लागेल आणि कुठे इतिहास माहीत नसेल तर अर्थच लागणार नाही. या पुस्तकात पहिल्या प्रकारच्या खुणा पूर्वार्धात भरपूर निघतात. तान्हा असताना एलायजाने गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढणारे थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांच्या अंगावर ओकारी काढली, हे गाव त्याला विसरू देत नाही. आईला साप-बेडकांची भीती, म्हणून हा तिच्या विणकामाच्या टोपलीत बेडूक ठेवतो आणि आई त्याचा वचपा काढते. ही पानं घाईने उरकू नका. लेखकाने ती जाणूनबुजून लांबवली आहेत. गुलामगिरीतून सुटलेली माणसं मुलांना जेवायला हाक मारतात, त्यांची थट्टा करतात, त्यांच्या हळवेपणाची काळजी करतात, हे वाचकाने आधी पाहावं म्हणूनच.

एवढा इतिहास तुमच्याजवळ हवा

मुलांना हा सगळा व्याख्यानात सांगायचा नाही. पण प्रश्न आला की तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे.

अटलांटिक महासागरावरच्या व्यापारात चार शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांवर चढवलं गेलं. त्यांपैकी जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख. यातला फार थोडा वाटा थेट आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला. बहुतेकांना ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर नेलं गेलं. तरी १८६०च्या अमेरिकी जनगणनेत गुलाम म्हणून नोंदलेल्यांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख होती. मुलं विचारतातच, थोडी आणली होती तर इतकी कशी झाली? उत्तर कायद्यात आहे. व्हर्जिनियाने १६६२ साली ठरवलं की मूल आईच्या दर्जाने जन्माला येईल. आई गुलाम, तर बाळही गुलाम, बाप कोणीही असो. जन्मलेलं प्रत्येक मूल मालकाच्या मालमत्तेत जमा होऊ लागलं. हा एक कायदा समजला नाही, तर या कादंबरीचा शेवट समजत नाही. म्हणून तो मनात पक्का ठेवा.

दुसरा कायदा १८५०चा, पळालेल्या गुलामांबद्दलचा. उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी नव्हती. मग पळून मिशिगनला पोचलेला माणूस सुरक्षित का नाही? कारण या कायद्याने त्याला तिथूनही पकडून नेण्याची मुभा दिली होती. पकडलेल्याला ज्युरीपुढे उभं राहता येत नव्हतं, स्वतःची बाजू साक्षीत मांडता येत नव्हती. मदत करणाऱ्याला १००० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणाऱ्या आयुक्ताचं मानधनही ठरलेलं होतं: माणसाला सोडलं तर ५ डॉलर, मालकाच्या हवाली केलं तर १०. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ काहीच बोलू नका. न्याय म्हणजे काय, यावरची सगळ्यात चांगली चर्चा मी या दोन आकड्यांवरून होताना पाहिली आहे.

कॅनडाचं चित्र फार गोंडस करू नका. तिथेही गुलामगिरी होती. अप्पर कॅनडाने, म्हणजे आजच्या ऑन्टारिओच्या दक्षिण भागाने, १७९३ साली तिच्यावर बंधनं घातली आणि १ ऑगस्ट १८३४ला ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांबरोबर तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतरही गोऱ्या शेजाऱ्यांनी बक्स्टनच्या वसाहतीला कडाडून विरोध केला होता.

बक्स्टनची स्थापना १८४९ची. विल्यम किंग या आयरिश वंशाच्या, प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या पाद्र्याने ती केली. किंग स्वतः एके काळी लुईझियानात गुलामांचा मालक होता, बरेचसे गुलाम त्याला बायकोच्या माहेरकडून आले होते. त्याने पंधरा जणांना मुक्त केलं आणि त्यांच्यासह तो ऑन्टारिओतल्या चॅटमजवळच्या सुमारे ९००० एकर जमिनीवर आला. ‘मालक असणारा माणूस चांगला असू शकतो का?’ हा प्रश्न मुलं विचारतील. तुम्ही निकाल देऊ नका. त्याने काय केलं आणि कधी केलं, एवढं समोर ठेवा.

पालकांना आधी सांगा

एका पानाचं पत्र पुरे. पुस्तकाचं नाव, काळ, कोणत्या वयासाठी निवडलं आणि त्यात काय आहे हे स्पष्ट लिहा: चाबकाने मारून झालेल्या मृत्यूची बातमी, साखळदंडात बांधलेली माणसं, मृतदेह आणि एक वंशद्वेषी शिवी. शेवटची प्रकरणं कोणत्या आठवड्यात येतील ती तारीखही द्या. घरी मूल गप्प झालं तर पालकांना कारण माहीत असावं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मी हे पुस्तक देत नाही.

पहिली बैठक

भिंतीवर उत्तर अमेरिकेचा नकाशा लावा. गुलामगिरी असलेलं केंटकी राज्य दाखवा, त्याच्या उत्तर सीमेवरची ओहायो नदी दाखवा, मग मिशिगनमधलं डेट्रॉइट. डेट्रॉइटपाशी नदी जेमतेम किलोमीटरभर रुंद आहे. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा. मुलांना बोटाने रस्ता काढायला सांगा. रात्री चालत, दिवसा लपत. इतकंच. गुलामगिरीवर भाषण नको, चित्रफीत नको. दहा मिनिटांत नकाशा आटपा आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचायला घ्या.

मोठ्याने वाचणं इथे अत्यावश्यक आहे, कारण भाषा. एलायजा पुस्तकी इंग्रजी बोलत नाही. इंग्रजी माध्यमातली हुशार मुलंही पहिल्या पानावर अडखळतात आणि ‘टीचर, हे ग्रामर चुकीचं आहे’ म्हणतात. तेव्हा घरातल्याच अनुभवाकडे वळा. आजी मालवणीत बोलते, मामा अहिराणीत, कोणी वऱ्हाडीत. ते चुकीचं मराठी असतं का? मुलांना पटकन समजतं. एलायजाची बोली हा त्याच्या लोकांचा वारसा आहे, तिला सुधारत बसू नका आणि तिची नक्कल करून हसूही पिकवू नका. तुम्ही सरळ, स्वच्छ आवाजात वाचा. वाक्य कळलं नाही तर मराठीत सांगा आणि पुढे चला. पुस्तकाची ध्वनिआवृत्ती मिळाली तर पहिल्या दोन प्रकरणांसाठी जरूर वापरा, कानाला एकदा सवय झाली की डोळेही वाचायला लागतात. सव्वातीनशेहून जास्त पानं आहेत. आठवड्याला एक बैठक धरली तर दोन महिने ठेवा. मी प्रत्येक वेळी दोन प्रकरणं एकत्र वाचते आणि एक-दोन घरी वाचायला देते. शेवटच्या भागाला मात्र हा नियम लावत नाही, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

त्या एका शब्दाचं काय करायचं

कृष्णवर्णीयांना हिणवणारा तो शब्द पुस्तकात येतो. वाचता वाचता अचानक समोर येऊ देऊ नका, आधीच ठरवा. माझा नियम असा: आम्ही तो मोठ्याने उच्चारत नाही, तिथे क्षणभर थांबतो आणि पुढे वाचतो. पानावर तो आहे, लेखकाने का ठेवला यावर बोलतो.

लेखकाने स्वतःच यावर एक पूर्ण प्रसंग लिहिला आहे. एलायजा सहज, मित्रांत वापरतात तसा, तो शब्द वापरतो. त्याच्याबरोबर काम करणारे मिस्टर लिरॉय त्याच्या तोंडावर मारतात आणि मग सांगतात की हा शब्द त्यांनी कुठे, कशा वेळी ऐकला आहे. त्यांच्या अंगावर डाग देऊन उठवलेली खूण आहे. हा प्रसंग वाचून झाला की मुलं दोन गोष्टी विचारतात: मारणं बरोबर होतं का, आणि आपलेच लोक वापरत असतील तर चालतं का. दोन्ही प्रश्न चांगले आहेत, दोन्हींना वेळ द्या. आपल्या शाळांच्या मैदानावरही जातीची नावं शिवी म्हणून वापरली जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मुलांनाही. त्या दिवशी कोणी ते स्वतःहून काढलं तर बोलू द्या. तुम्ही मात्र कोणाकडे पाहून उदाहरण देऊ नका, वर्गात कोण काय सोसतं याची यादी तुमच्याजवळ नसते.

हे करू नका

इथे मी जरा कडक बोलणार आहे.

मुलांना गुलाम आणि मालक बनवून नाटक करवू नका. हात बांधून बसवणं, बाकांच्या खाली कोंबून ‘जहाजात असं वाटायचं’ सांगणं, खोटा लिलाव करणं, हे सगळं उत्साही शिक्षकांच्या डोक्यात येतं आणि सगळं घातक आहे. दहा मिनिटं बाकाखाली बसलेल्या मुलाला गुलामगिरी कळत नाही. त्याला एक खेळ कळतो. काही मुलांना त्यात गंमत येते, काहींना अपमान होतो, आणि ज्यांच्या नावाने हे चाललं ती माणसं बाजूलाच राहतात.

‘तू गुलाम असतास तर काय केलं असतंस?’ हाही प्रश्न नको. प्रत्येक मुलगा म्हणतो, मी पळालो असतो, मी मालकाला मारलं असतं. न बोलता त्याचा अर्थ असा निघतो की जे पळाले नाहीत ते भित्रे होते. त्याऐवजी विचारा: पळायचं ठरवायला त्या माणसाला काय काय माहीत असावं लागलं असेल? मग मुलं कामाला लागतात. उत्तर दिशा कोणती, नदी कधी गोठते, कोणावर विश्वास ठेवायचा, रडणाऱ्या बाळाला कसं गप्प करायचं, मागे राहणाऱ्या आईला सांगायचं की नाही. फळा भरतो. तो फळा पाहूनच मुलांना कळतं की हे किती मोठ्या बुद्धीचं आणि धीराचं काम होतं.

‘त्यांनी बंड का केलं नाही?’ हे विचारणारा कोणीतरी असतोच. केलं होतं. आजच्या हैतीत १७९१ साली गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली स्वतंत्र देश उभा केला. व्हर्जिनियात १८३१ला नॅट टर्नर या गुलामाने उठाव केला, त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर आणखी बंदी आणली. हॅरिएट टबमन स्वतः सुटली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन सुमारे सत्तर जणांना घेऊन आली. बक्स्टनपासून फार लांब नसलेल्या ड्रेस्डेनजवळ जोसाया हेन्सन या सुटून आलेल्या माणसाने वसाहत आणि शाळा उभारण्यात पुढाकार घेतला.

चाबकाच्या वळांनी भरलेल्या पाठीचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे, ते सगळे दाखवतात. मी दाखवत नाही. त्याऐवजी डग्लस यांची छायाचित्रं दाखवते. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वाधिक छायाचित्रं असलेल्या अमेरिकी माणसांत ते होते, आणि ते त्यांनी ठरवून केलं होतं: नीटस कोट, कॅमेऱ्यावर रोखलेली नजर. आपल्या लोकांना जग कसं पाहील हे त्यांनी दुसऱ्यांच्या हाती सोडलं नाही.

मधले आठवडे

दर बैठकीला तीनच प्रश्न न्या आणि त्यातला एक तरी असा असू द्या, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाम माहीत नाही. मुलांना ते लगेच ओळखू येतं आणि ती मोकळी बोलतात.

एक प्रसंग मी कधीच गाळत नाही. नव्याने सुटून आलेलं एक कुटुंब गावाच्या कडेला झाडीत लपून बसलेलं असतं. समोर स्वातंत्र्य आहे, पण बाहेर यायची हिंमत होत नाही. मोठा माणूस पुढे गेला तर ते घाबरतील, म्हणून एमा कॉलिन्स ही लहान, रडवी मुलगी हातात बाहुली घेऊन पुढे जाते. एलायजाला एरवी ती आवडत नाही. थांबून विचारा, तिलाच का पाठवलं? मग त्यांच्यासाठी गावची घंटा वाजते: दहा ठोके जुन्या आयुष्याला निरोप म्हणून, दहा नव्याच्या स्वागताला. ही घंटा खरी आहे, १८५० साली पिट्सबर्गच्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी बक्स्टनला भेट दिलेली. वर्गात शाळेची घंटा मिळाली तर वीस ठोके वाजवा आणि मुलांना मोजू द्या. वीस ठोके ऐकायला खूप वेळ लागतो. एका कुटुंबासाठी सगळं गाव इतका वेळ हातातलं काम सोडून थांबत असे.

दुसरा प्रसंग मिसेस होल्टनच्या पत्राचा. ही बाई मुलींना घेऊन निसटली, नवरा मागे राहिला. एके दिवशी तिकडून पत्र येतं आणि एलायजा ते तिला वाचून दाखवतो. नवऱ्याला चाबकाने मारून ठार केलेलं असतं. इथे शिक्षकाने वाचनाबद्दल बोलावं. ज्यांना अक्षरं शिकवणं अनेक राज्यांत गुन्हा होता, त्या माणसांच्या गावात एक अकरा वर्षांचं मूल वाचू शकतं आणि म्हणूनच त्याला अशी बातमी सांगावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना हे अनोळखी नाही. घरात पहिल्यांदा शिकलेल्या मुलाने बँकेचं किंवा कचेरीचं पत्र आजोबांना वाचून दाखवलेलं असतं. कोणी सांगितलं तर ऐकून घ्या, ताणू नका.

पुढे ती बाई नवऱ्याच्या आठवणीतले शब्द मिस्टर लिरॉयकडून लाकडावर कोरून घेते आणि नवऱ्याच्या मुक्तीसाठी साठवलेला पैसा त्यांना देते, त्यांच्या बायकामुलांना विकत घेऊन सोडवण्यासाठी. इथून पुस्तकाचा रंग बदलतो. गावातला स्वतःला पाद्री म्हणवणारा माणूस तो पैसा घेऊन पसार होतो. सुरुवातीला एलायजाच्या माशांतला वाटा देवाच्या नावाने उकळणारा, मुलांना विनोदी वाटलेला तोच माणूस. ‘मॅडम, कृष्णवर्णीय माणूसच कृष्णवर्णीयांना कसा फसवतो?’ असा प्रश्न येतो. सोसलेली माणसं सगळी संतच असली पाहिजेत, अशी अट आपण का घालतो, हे मुलांनाच विचारा. मी तरी कर्टिस यांची कादंबरी यासाठी मोठी मानते की तिने या गावाला देव्हाऱ्यात बसवलं नाही.

तबेल्याची प्रकरणं

ही सलग, एकाच बैठकीत वाचा. त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर जास्त वेळ ठेवा. ही पानं घरी वाचायला देऊ नका. सुट्टीच्या आदल्या दिवशीही घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलं तुम्हाला भेटणार असतील, अशा वेळी घ्या.

एलायजा मिस्टर लिरॉयबरोबर पैसा शोधत मिशिगनला जातो. वाटेत लिरॉय मरतात. मुलगा एकटा एका तबेल्यात शिरतो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला साखळदंडातली माणसं दिसतात, पकडून परत दक्षिणेकडे न्यायची. त्यांत क्लोई नावाची आई आहे, मांडीवर तान्ही मुलगी. एलायजा त्यांना सोडवू शकत नाही. शेवटी आई ते बाळ त्याच्या हाती देते.

मोठ्याने तुम्हीच वाचा. मध्ये थांबून समजावू नका. तुमचा आवाज दाटला तर दाटू द्या, पण रडून मुलांचं लक्ष स्वतःकडे वेधू नका. वाचून झाल्यावर दोन-तीन मिनिटं शांत बसा आणि मग पहिला प्रश्न हाच असू द्या: क्लोईने हे कसं ठरवलं? इथे १६६२चा कायदा कामाला येतो. ती बाळ टाकत नाहीये. ते बाळ परत गेलं तर कागदोपत्री कोणाची तरी मालमत्ता होणार आहे, आणि पलीकडे गेलं तर माणूस. साखळीत असलेल्या बाईने काही तासांत, अनोळखी मुलाची पारख करून हा निर्णय घेतला आहे. तिची बुद्धी मुलांच्या लक्षात येईपर्यंत तिच्याजवळ थांबा. ‘बिचारी’ या शब्दावर चर्चा संपू देऊ नका.

काही मुलं एलायजावर चिडतात, त्याने सगळ्यांना का सोडवलं नाही म्हणून. रागाला जागा द्या. मग १००० डॉलर आणि सहा महिने आठवून द्या, त्याचं वय आठवून द्या. एखादं मूल काहीच बोलणार नाही. त्याला बोलतं करायचा प्रयत्न नको. वर्गाबाहेर पडताना सहज ‘येतोस का माझ्याबरोबर ग्रंथालयापर्यंत’ एवढं म्हटलं तरी चालतं.

लेखन नको, आखणी

पुस्तक संपलं की शिक्षक ‘गुलामाची रोजनिशी लिहा’ असा गृहपाठ देतात. नका देऊ. त्यापेक्षा मैदानावर चला, चुन्याची फक्की आणि मोजपट्टी घेऊन. बक्स्टनमध्ये घर बांधायचे नियम होते: किमान २४ फूट बाय १८ फूट, किमान चार खोल्या, रस्त्यापासून ३३ फूट आत, पुढे कुंपण आणि फुलबाग. प्रत्येक कुटुंबाला ५० एकर, एकरी अडीच डॉलर दराने, हप्त्यांनी फेडायचे. फुकट काही नाही. मुलांना ते घर जमिनीवर आखू द्या, खोल्या पाडू द्या. आपलं स्वतःचं घर याहून लहान असल्याचं काहींच्या लक्षात येतं. ‘फुलबाग सक्तीची का?’ यावर आठवीच्या मुलांनी घातलेला वाद मला फार आवडला होता. एकीचं म्हणणं होतं, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला फुलं लावायला वेळ कुठला, म्हणून इथे ती लावायचीच.

आपल्याकडचे धागे, पण शेवटी

महाराष्ट्र आणि गोव्याचा या विषयाशी खरा संबंध आहे. तो पुस्तक पूर्ण झाल्यावरच काढा, नाहीतर बक्स्टनची माणसं आपल्या वादात हरवतात. आणि सगळं सारखंच होतं असं सांगू नका, फरकही दाखवा.

मलिक अंबर साधारण १५४८ला इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवलं. मुलांना विचारा, अमेरिकेतल्या मळ्यावरच्या गुलामाला असं चढता आलं असतं का? नसतं, तर का? त्याच वेळी पोर्तुगीज मोझांबिकमधून माणसं आणून गोव्यात विकत होते. पेशवाईच्या दफ्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. १८३४च्या ब्रिटिश मुक्तीतून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता, इथे कायदा झाला तो १८४३ साली. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. बक्स्टन वाचलेल्या मुलांना ती अर्पणपत्रिका वाचून दाखवा, जोतीरावांची नजर पुण्यातून किती लांबवर जात होती ते दिसतं. जात आणि गुलामगिरी एकच का, हा प्रश्न त्याच दिवशी येईल. कायदा, जन्म, विक्री, शिक्षणबंदी, स्पर्श असे रकाने पाडून मुलांनाच साम्य आणि फरक भरायला सांगा. एका बैठकीत हे संपणार नाही, दोन ठेवा.

नाशिकचा धागा मी सगळ्यात शेवटी घेते. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यातली सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात आणि पुढे कित्येकांना नाशिकच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आश्रमात पाठवलं जाई. तिथे ती लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकत. जेकब वेनराइट त्यातलाच. १८७३ला आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या नावाचा लेख झाडावर कोरला तो जेकबने. साथीदारांबरोबर त्याने तो देह किनाऱ्यापर्यंत नेला, प्रवासाची रोजनिशी ठेवली आणि १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधल्या दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा दिला. लिरॉयने कोरलेलं लाकूड मुलांच्या लक्षात असतं, जेकबची गोष्ट त्यांना लगेच धरून ठेवते. त्याची रोजनिशी आज उपलब्ध आहे, एक-दोन उतारे काढून मराठीत सांगा. नाशिकमध्ये असाल तर पुढची बैठक शरणपूर रोडच्या परिसरात चालत चालत घ्या. इतरांनी नकाशावर मुंबई, नाशिक, झांझिबार आणि मोंबासा जोडून घ्यावेत. नाशिकला शिकलेले बरेच जण नंतर मोंबासाजवळच्या फ्रीरटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. बक्स्टनसारखी तीही वसाहत. तिथलं जगणं कसं असेल हे मुलांना शोधायला द्या, पुढच्या सत्राचं काम तिथूनच निघतं.